कॅरियरवरचा डबा

भरमाण्णा गेल्याची बातमी माझ्या खिशात तीन वेळा थरथरली आणि तिन्ही वेळा मी ती खिशातच दाबली. लोंढ्याच्या एका शाळेत मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. समोर दीडेकशे पोरं सतरंजीवर बसलेली, पाठीमागे फळ्यावर रंगीत खडूंनी माझं नाव, आणि मी माझ्या नेहमीच्या जागी येऊन पोचलो होतो... माझे वडील दुसऱ्या महायुद्धात, इटलीच्या डोंगरात, मोटारसायकलवरून लष्कराचे निरोप कसे पोचवायचे, त्या जागी. दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे करून मी वळण घेऊन दाखवत होतो. मागच्या रांगेतली पोरं गुडघ्यांवर उभी राहिली होती. अशा वेळी फोन कोण घेतो? भाषण संपलं, शाल-श्रीफळ झालं, चहा आला, तेव्हा पाहिलं तर तिन्ही फोन पद्मावहिनींचे. मी लावला. "हे गेले ओ मास्तर," त्या म्हणाल्या, "सकाळी चा घेतला, आणि खुर्चीतच..." मी तसाच निघालो. बसमध्ये शेजारच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "सत्कार झाला वाटतं कुठं?" तेव्हा कळलं की शाल अजून माझ्या खांद्यावरच होती. ती काढून मी पिशवीत कोंबली.

त्याला आता पाच आठवडे होतील. याच पुरवणीत काही वर्षांपूर्वी मी वडिलांवर एक लेख लिहिला होता, तो काही वाचकांना आठवत असेल. लेखासोबत एका चिमुकल्या लष्करी मोटारसायकलचा फोटो होता, माझ्या मित्राने हाताने बनवलेल्या. तो मित्र म्हणजे भरमाण्णा. आज त्याच्यावर लिहायचं तर आधी तो लेख खोडायला हवा. माझे वडील मोटारसायकलवर कधीच बसले नाहीत. ते फौजेत लांगरी होते, म्हणजे पलटणीचं जेवण रांधणारे. इटली खरी, डोंगर खरे, थंडी खरी. मोटारसायकल तेवढी माझी. हे एवढं लिहायला मला अठ्ठावन्न वर्षं लागली, आणि ज्याच्यापाशी हे आधी बोलायला हवं होतं तो माणूस ऐकायला उरलेला नाही. लाज वाटते म्हणणंही आता सोपं झालंय, कारण समोर कुणी नाही.

भरमा मूळचा निपाणीजवळच्या बोरगावचा. जैन घर, तंबाखूचं शेत आणि किराणा दुकान. आठवीला तो बेळगावात मामाकडे शिकायला आला. मी कंग्राळीहून चालत यायचो. एका बाकावर आम्ही बसलो ते दहावीपर्यंत उठलो नाही. त्या वेळी आमचे वडील, म्हणजे आबा, पेन्शन घेऊन शेती करत आणि गावातल्या लग्नांत जेवणाची भट्टी लावत. पाचशे पानांचा भात त्यांच्या हातून कधी करपला नाही, पण वर्गातल्या पोरांना त्याचं काय? मला 'आचाऱ्याचा पोरगा' म्हणायचे. एकदा गुरुजींनी विचारलं, कुणाकुणाचे वडील फौजेत होते? आमच्या भागात निम्मा वर्ग उभा राहिला. प्रत्येकाने सांगायचं होतं, वडील काय काम करायचे. माझ्या पुढचा म्हणाला, सुभेदार. मग माझा नंबर आला. आदल्याच दिवशी कँपात मी एक जुनी लष्करी मोटारसायकल गोणपाटाखाली झाकलेली बघितली होती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणालो, मोटारसायकलवरून निरोप पोचवायचे. गुरुजी "वा!" म्हणाले. मी खाली बसलो तर शेजारून भरमा कुजबुजला, "दोन्ही हात हँडलवर म्हंजे चिठ्ठी कुठं ठेवायचे रं?"

त्याचे प्रश्न असेच असायचे. बाकीच्यांना गोळीबार हवा असायचा, त्याला पिशवीचं बक्कल. चिखलात स्टँड रुतत नव्हता का? पेट्रोल संपलं तर? थंडीत गाडी एकाच किकला सुरू व्हायची का? मी बेधडक उत्तरं द्यायचो, आणि तो वहीच्या मागच्या पानावर ती चितारायचा. वर्षभरात त्याच्या वहीत आबांची आख्खी मोटारसायकल उभी राहिली. खोटं बोलणाऱ्याला स्मरणशक्ती लागते म्हणतात. मला ती लागलीच नाही. माझं खोटं भरमाच्या वहीत व्यवस्थित टिपलेलं असायचं, विसरलो की मी तिथे बघून घ्यायचो.

पुढे मी बीएड करून मास्तर झालो. भरमाने दुकानात बसायला साफ नकार दिला, आयटीआय केलं आणि उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून लागला. "वाण्याच्या घरात सुतार जन्माला आला," असं त्याचे वडील येईल त्याला सांगायचे. हे काम काय असतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. जी वस्तू लोखंडात ओतायची तिची आधी लाकडात हुबेहूब प्रत करतात, तो पॅटर्न. तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि साच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. पण लोखंड गार होताना आक्रसतं. म्हणून पॅटर्न मुद्दाम जरासा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटीमीटर खऱ्या सेंटीमीटरपेक्षा केसभर लांब. आयुष्यभर त्या पट्टीने मोजणाऱ्याच्या बोटांना तेच माप खरं वाटायला लागतं.

लग्नानंतर वर्ष-दीड वर्षाने भरमाने पहिली मोटारसायकल करायला घेतली. विकतचा एकही सुटा भाग नाही, सगळं मुळापासून आपल्या हाताने. प्रमाण एकास पस्तीस, म्हणजे गाडी माझ्या करंगळीएवढी. टाकी सागवानाच्या तुकड्यातून कोरलेली. इंजिन गार ठेवणाऱ्या पातळ पट्ट्या पितळी पत्र्याच्या लहानमोठ्या चकत्या एकाआड एक रचून. स्पोक जळक्या मोटारीच्या वाइंडिंगमधल्या तारेचे, आणि ते भरताना तोंडाने कन्नडमधून मोजणं चालू... ओंदु, एरडु, मूरु. टायर म्हणजे हायड्रॉलिक पंपात घालतात ती रबरी ओ-रिंग, तिला वरून फाउंड्रीतलं काळं ग्राफाइट चोळलेलं. पाच महिन्यांनी गाडी उभी राहिली आणि चाक काही मडगार्डात शोभेना. लहान दिसायचं. दोन दिवस त्याने डोकं खाजवलं, आणि मग एकटाच हसत सुटला. सवयीने सगळी गाडी त्याने पॅटर्नवाल्याच्या पट्टीने मापली होती. ओ-रिंग तेवढी बाजारातली, खऱ्या मापाची. आख्ख्या गाडीत फरक अर्ध्या मिलिमीटरचा. जगात कुणाला कळला नसता. त्याने ती गाडी मोडली नाही, खिडकीत ठेवून दिली आणि येईल त्याला आपली फजिती सांगत राहिला.

पुढे तिसरी गाडी बाकावर अर्धी झालेली असताना एका रविवारी मी त्याच्या घरी बसून आबांची गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगत होतो. बर्फ, विझवलेला दिवा, मागून सुटणाऱ्या गोळ्या. भरमाने कानशीवरून मान न उचलता ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नारू, तुझी गोष्ट बी माझ्या पट्टीनं मापलेली हाय बघ. असू दे. गार झाली की येतीय मापात." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी, काही कारण नसताना, तो विचारायचा, "गार झाली का रं?" मी म्हणायचो, "तापतीय अजून." आमच्यातली ती थट्टाच होऊन गेली होती. निदान मी ती थट्टा धरून चाललो होतो.

त्याचे काही नेम होते. सीट चामड्याची करायची नाही. जैन माणूस, अर्ध्या नखाएवढं चामडंही चालायचं नाही, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावायचा. दिवस मावळायच्या आत जेवायचं आणि दिवा लागला की हत्यार खाली ठेवायचं. आणि गाडीवर बंदूक नाही. मी म्हणालो, "भरमा, लढाईची गाडी ना ही?" तर म्हणाला, "लढायला दुसरे हाईत की. ह्यो चिठ्ठी नेणारा गडी, ह्येला कशाला बंदूक?" पण बंदुकीच्या जागी तो दुसरंच काहीतरी बसवायचा. दुसऱ्या गाडीपासून पुढे प्रत्येक गाडीच्या मागच्या कॅरियरवर एक गोल पितळी डबा, जोंधळ्याच्या दाण्याहून थोडा मोठा, दोऱ्याने बांधलेला. कधी ब्रिटिश गाडी, कधी अमेरिकन, एकदा साइडकारवाली. डबा ठरलेला. मी त्याला चिडवायचो, "हा काय नवरदेवाला रुखवत घेऊन चाललाय?" तो म्हणायचा, "उपाशी कसा जाईल रं मग?"

आबा दर शनिवारी बाजाराला बेळगावात यायचे आणि बस पकडायच्या आधी भरमाच्या घरी टेकायचे. हे मला कळलं ते भरमाच्या तीन-चार गाड्या झाल्यावर. चोराच्या मनात चांदणं! एका शुक्रवारी मी आबांना अंगणात गाठलं आणि म्हणालो, "आबा, भरमाकडं जाताय ते जावा. पण तिथं फौजेचं फार बोलत बसू नका." आबा जोंधळे पाखडत होते. त्यांनी सूप थांबवलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना माझ्या गोष्टीची कुणकुण नक्की होती, शाळेपासून होती. "न्हाय बोलत," ते म्हणाले आणि पुन्हा पाखडायला लागले. कशाला नको, एवढंही विचारलं नाही. आबा जाऊन तीस वर्षं होत आली. त्या दोन शब्दांनी मला आजवर कधी त्रास दिला नव्हता, गेल्या पाच आठवड्यांत मात्र झोपू दिलेलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते सर्वांत वाईट. मी मुख्याध्यापक असताना शाळेचा वर्धापनदिन होता आणि मी भरमाच्या गाड्यांचं प्रदर्शन मांडलं. मधल्या काचपेटीत एकच गाडी, तिच्यापुढे कार्ड ठेवायचं होतं... 'या गाडीवरून माझ्या वडिलांनी' वगैरे, वडिलांच्या नावासकट. मी भरमाला म्हटलं, कार्ड तू लिही. तो म्हणाला, "तूच लिही. माझं अक्षर बरं न्हाय." ज्याने तीस-पस्तीस वर्षं पॅटर्नवर कारखान्यांची नावं उलटी कोरली, त्याचं अक्षर बरं नाही! मला तेव्हाही ते खटकलं होतं, पण पाहुणे यायचे होते. मी कार्ड लिहिलं. पेटी बंद करताना माझी नजर डब्यावर गेली. पाहुण्यांत एक निवृत्त कर्नल होते. जेवणाचा डबा बघून ते हसतील, आणि हसता हसता काहीतरी विचारतील, अशी मला धास्ती वाटली. मी प्रयोगशाळेतला चिमटा आणला, डबा धरला आणि उपटला. दोरा तुटला. डबा मी टेबलावरच्या खडूच्या पेटीत टाकला. पुरवणीतल्या लेखासाठी फोटो निघाला तो त्याच दिवशी. त्यात कॅरियर मोकळा आहे.

संध्याकाळी भरमा आला. पेटीवर वाकला. चष्मा कपाळावर सरकवून कॅरियरकडे बघितलं. मीच म्हणालो, "लोक हसतात रं. लढाईच्या गाडीवर जेवणाचा डबा..." "हसू देत की," तो म्हणाला. मग खिडकीबाहेर बघितलं. "दिवस मावळायला आला, जेवायला जातो." एवढंच. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर कधी तरी त्याच्या घरी गेलो तर त्या गाडीवर नवा डबा होता.

शेवटची भेट दोन महिन्यांपूर्वीची. त्याचे हात कापायला लागले होते. कपातला चहा बशीत, बशीतला लेंग्यावर. तरी बाकावर एक गाडी होती, बारावी, फक्त डबा बांधायचा राहिलेला. "हात ऐकंनात रं," तो म्हणाला. "तू बांध." चिमटा त्याने माझ्या हातात दिला. मी बांधायला घेतलं. तीनदा दोरा निसटला. "घट बांध," तो सारखा सांगत होता, "वाटंत पडला तर गडी उपाशी ऱ्हाईल." गाठ बसली. माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना डबा म्हणजे नुसता एक पिवळा दाणा दिसत होता. भरमा खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, "नारू, गार झाली का रं?" त्या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. खोलीत आम्ही दोघंच. वहिनी देवळात. यापेक्षा सोपी वेळ मला कुणी आणून दिली असती? मी म्हणालो, "कसली गोष्ट घेऊन बसलास... गोळ्या घेतल्यास का दुपारच्या?" "घेतल्या," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

दुखवट्याचे दिवस सरल्यावर वहिनींनी बोलावून घेतलं. त्याची खोली झाडून-पुसून ठेवली होती. काचेच्या कपाटात गाड्या ओळीने लावलेल्या. त्यांनी शेवटची गाडी काढून माझ्यापुढे ठेवली. "ही तुम्हाला द्यायला सांगितलती." काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "वहिनी, ह्या डब्याचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं कुठून हो?" त्या म्हणाल्या, "म्हंजे? तुम्हाला ठाऊक न्हाय मास्तर? आबांचाच न्हवं डबा त्यो."

मग त्यांनी सांगितलं. निरोप नेणारे गडी वेळी-अवेळी यायचे. लंगर, म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर, बंद झालेलं असायचं. आबा आपल्या वाटणीच्या चपात्या बाजूला ठेवायचे, एका डब्यात घालायचे आणि गडी निघाला की डबा गाडीच्या कॅरियरला स्वतः बांधून द्यायचे. "वाटंत पडला तर उपाशी ऱ्हाईल" हे आबांचं वाक्य. गडी माघारी आला की डबा परत. एकदा गडी आला नाही. दुसऱ्याच कुणी तरी डबा आणून दिला. आत चपात्या तशाच होत्या. "हे सांगताना आबा रडले बघा," वहिनी म्हणाल्या. "इथंच बसलेते, ह्या स्टुलावर. मी ह्यांना म्हणलं बी एकदा, मास्तरांना सांगा की. तर म्हणाले, आबांनी शपथ घातलीया. पोरानं गोष्ट रचलीया, पोरगा मोडंल तवा मोडंल, आपण न्हाय मोडायची."

मी कपाटाकडे बघत होतो. खिडकीतली पहिली, अर्धा मिलिमीटर मोठी गाडी आता कपाटात सर्वांत पुढे होती, आणि तिच्या कॅरियरवर डबा नव्हता. बाकी अकरांवर होता. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या गाडीच्या मधल्या कुठल्या तरी शनिवारी आबांनी त्याला सांगितलं होतं. 'गार झाली की येतीय मापात' तो म्हणाला, तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. चाळीस वर्षं तो मला विचारत राहिला आणि चाळीस वर्षं मी "तापतीय" म्हणत राहिलो. आणि आबा... मी बोलू नका म्हणून सांगितलं तेव्हा ते बोलून झालेले होते. तरी "न्हाय बोलत" म्हणाले, माझी लाज राखायला. आमच्या घरात आबांना इटलीबद्दल कधी कुणी विचारलंच नाही, कारण सांगायचं काम मी घेतलं होतं. माझ्या बनावट गोष्टीपेक्षा त्यांची खरी गोष्ट कितीतरी मोठी होती. ती ऐकायला त्यांना एक परका पॅटर्नवाला शोधावा लागला.

"नाव बघितलासा काय?" वहिनी म्हणाल्या. कसलं नाव? त्यांनी ड्रॉवरमधून भरमाचं भिंग काढून दिलं. मी गाडी उजेडात धरली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात तसं, आबांनीही फौजेत डबा हरवू नये म्हणून खिळ्याने त्यावर नाव घातलं होतं म्हणे. भिंगाखाली तो पिवळा दाणा मोठा झाला, आणि त्याच्या झाकणावर सुईने कोरलेली दोन अक्षरं दिसली. धोंडी. माझ्या वडिलांचं नाव. मी बाकीच्या गाड्या एकेक करून काढल्या. डबा असलेल्या सगळ्यांवर होतं.

माझ्या कार्डावर ते नाव लिहायला भरमाने नकार दिला होता. त्याने ते जिथलं तिथे घातलं होतं.

गाडी आता माझ्या टेबलावर असते, शेजारी भिंग. लोंढ्याच्या शाळेला मी पत्र लिहिलंय की पुन्हा एकदा येऊ द्या, मागच्या वेळी मुलांना चुकीचं सांगितलं. उत्तर यायचं आहे. रोज सकाळी भिंग धरून मी ती दोन अक्षरं वाचतो, आणि रोज चिमटा आठवतो. त्या दिवशी मी जो उपटला, त्या डब्यावरही हेच नाव असणार. तो मी खडूच्या पेटीत टाकला होता. ती पेटी मग कुणी झाडली, कधी झाडली, मला ठाऊक नाही.